न मागितलेली आवृत्ती : विंडोज १० च्या सक्तीचा इतिहास

इसवी सन २०१५ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस, जगातील कोट्यवधी घरांत आणि लहानसहान कचेऱ्यांत विंडोज ७ किंवा विंडोज ८.१ वर चालणाऱ्या संगणकांच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी, पांढऱ्या खिडकीचे एक चिमुकले चिन्ह प्रकट झाले. ते कोणी मागितले नव्हते आणि कोणी बसविलेही नव्हते. त्यावर टिचकी मारली असता विंडोज १० ही नवी कार्यप्रणाली विनामूल्य मिळणार असून आपण आपली प्रत आताच राखून ठेवावी, असे निमंत्रण वाचावयास मिळे. पुढील चौदा महिन्यांत या निमंत्रणाचा आग्रह झाला, आग्रहाची सक्ती झाली आणि सक्तीविरुद्ध सामान्य संगणकधारकांनी आपापल्या परीने जो प्रतिकार केला, त्याचा वृत्तान्त संगणकाच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण व्हावे इतका महत्त्वाचा आहे. कारण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर अखेरचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न इतक्या मोठ्या जनसमुदायापुढे इतक्या उघडपणे तत्पूर्वी क्वचितच आला असेल.

या प्रकरणाचे मूळ शोधावयाचे तर सतरा वर्षे मागे जावे लागते. १९९८ साली विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’ ही व्यवस्था आली, तेव्हा तिचे स्वरूप एखाद्या भांडारासारखे होते : ज्याला दुरुस्ती हवी त्याने आपण होऊन तेथे जावे, हवे ते निवडावे आणि घरी आणावे. २००० साली विंडोज एमई या आवृत्तीत दुरुस्त्या आपोआप उतरवून घेण्याची सोय प्रथम झाली, परंतु बहुसंख्य लोक तिच्या वाटेस जात नसत. या उदासीनतेचे परिणाम लवकरच दिसू लागले. २००१ च्या जुलैत ‘कोड रेड’, २००३ च्या जानेवारीत ‘स्लॅमर’ आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ‘ब्लास्टर’ अशा, एका संगणकावरून दुसऱ्यावर आपणहून पसरणाऱ्या ‘वर्म’ जातीच्या प्रोग्रामांनी जगभर धुमाकूळ घातला. आणि विशेष असे की, या तिन्ही प्रसंगी ज्या छिद्रातून उपद्रव आत शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने आधीच प्रसिद्ध केलेली होती. स्लॅमरच्या बाबतीत तर ती सहा महिने उपलब्ध होती. औषध तयार होते. रोग्यापर्यंत ते पोहोचत नव्हते.

ब्लास्टरच्या प्रकरणातील दोन गोष्टी येथे मुद्दाम नमूद केल्या पाहिजेत. पहिली अशी की, या वर्मच्या कर्त्याने १६ ऑगस्ट २००३ रोजी सर्व बाधित संगणकांनी एकाच वेळी मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या पत्त्यावर चाल करून जावे अशी योजना केली होती, आणि ती विफल करण्यासाठी कंपनीला आपला तो पत्ताच सोडून द्यावा लागला. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. ब्लास्टरनंतर एका आठवड्याच्या आत ‘वेल्चिया’ नावाचा आणखी एक वर्म प्रकटला, जो त्याच छिद्रातून परक्याच्या संगणकात शिरे, तेथील ब्लास्टर हुडकून नष्ट करी, मायक्रोसॉफ्टकडील अधिकृत दुरुस्ती उतरवून घेऊन ती बसवी आणि संगणक पुन्हा सुरू करी. कर्त्याचा हेतू परोपकाराचा असेलही. परंतु नवी सावजे शोधण्याच्या त्याच्या धडपडीने संगणकजाळी इतकी तुंबली की, एअर कॅनडाची प्रवासी-नोंदणी खोळंबली आणि अमेरिकी नौदलाच्या अंतर्गत जाळ्यालाही त्याची झळ लागली. मालकास न विचारता त्याच्या यंत्रात हितकारक दुरुस्ती घुसविण्याचा हा प्रयोग एका अज्ञात व्यक्तीने केला आणि त्याला एकमुखाने उपद्रव म्हटले गेले. हेतू चांगला असला तरी संमतीवाचून केलेला प्रवेश हा अतिक्रमणच, हे तत्त्व त्या वेळी कोणालाच समजावून सांगावे लागले नाही.

मायक्रोसॉफ्टने या आपत्तीपासून घेतलेला धडा, माझ्या मते, त्या काळी योग्यच होता. बिल गेट्स यांनी २००२ च्या जानेवारीत आपल्या सर्व कर्मचाऱ्यांना पाठविलेल्या खलित्यात सुरक्षिततेला नव्या सोयींपेक्षा अग्रस्थान द्यावे असा हुकूम दिलाच होता. २००३ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकत्र प्रसिद्ध करण्याचा शिरस्ता पडला, जो अद्याप चालू आहे आणि ज्याची घटिका आपल्याकडे, ऋतुमानाप्रमाणे, रात्री साडेदहाच्या किंवा साडेअकराच्या सुमारास भरते. २००४ च्या ऑगस्टात विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, तेव्हा तो बसविताच संपूर्ण पडदा व्यापून एक प्रश्न विचारला जाई : आपोआप अपडेट चालू ठेवावयाचे की नाही? लक्षावधी लोकांनी होकार दिला. हा होकार म्हणजे एक प्रकारचे मुखत्यारपत्र होते. घरधन्याने कंपनीस सांगितले की, माझ्या यंत्रातील छिद्रे कोणती हे मला कळत नाही, तुम्हांस कळते. तेव्हा ती बुजविण्यासाठी तुम्ही रात्री-अपरात्री आत येऊ शकता, मला उठविण्याचे कारण नाही. मुखत्यारी दिली ती रक्षणापुरती, आणि ती देताना विश्वास हाच एकमेव तारण होता.

या मुखत्यारीची मर्यादा कोठपर्यंत आहे याविषयीचा पहिला खटका २००७ च्या सप्टेंबरात उडाला. ज्यांनी आपोआप अपडेट बंद ठेवले होते अशा लोकांच्या संगणकांतही अपडेट-व्यवस्थेच्या स्वतःच्या काही फायली परस्पर बदलल्या गेल्या, असे उघडकीस आले. आणि कंपनीने खुलासा केला की, ही व्यवस्था स्वतःस अद्ययावत ठेवीत राहिली नाही तर पुढील दुरुस्त्या पोहोचणारच नाहीत. खुलासा तांत्रिक दृष्ट्या बरोबर असेल, परंतु नाही म्हटल्यावरही दार किलकिले राहते, एवढे जाणकारांच्या ध्यानात आले. ती बाब तेवढ्यावर मिटली.

यानंतर जे घडले त्यामागे सुरक्षिततेपेक्षा व्यापाराची कारणे अधिक प्रबळ होती. २०१२ च्या ऑक्टोबरात निघालेल्या विंडोज ८ ला लोकांनी स्वीकारले नाही. स्टार्ट बटण नाहीसे झालेला तो पडदा टॅब्लेटसाठी घडविलेला होता आणि टेबलावरच्या संगणकावर तो परका वाटे. दुसरीकडे विंडोज एक्सपीसारखी २००१ सालची आवृत्ती लोकांनी इतकी घट्ट धरून ठेवली की, २०१४ च्या ८ एप्रिलला तिचा पाठिंबा संपला तरी असंख्य यंत्रांवर ती नांदत राहिली. विंडोज ७ चेही असेच होईल, ही कंपनीची धास्ती अनाठायी नव्हती. २०१४ च्या फेब्रुवारीत, हैदराबादेत जन्मलेले सत्या नडेला कंपनीचे प्रमुख झाले आणि विंडोज ही दर तीन वर्षांनी विकावयाची वस्तू न राहता अखंड पुरविली जाणारी सेवा व्हावी, हे धोरण ठरले. २१ जानेवारी २०१५ रोजी घोषणा झाली की, विंडोज ७ आणि ८.१ धारकांना नवी आवृत्ती पहिले वर्षभर फुकट मिळेल. आणि एप्रिलात असे ध्येय जाहीर करण्यात आले की, दोन-तीन वर्षांत शंभर कोटी उपकरणांवर विंडोज १० चालत असेल. या शंभर कोटींच्या आकड्याने पुढील सारे प्रकरण हाकले, असे मला वाटते. कारण मुदतबंद आकडा एकदा जाहीर झाला म्हणजे मने वळविण्यास लागणारा वेळ मोठ्या संस्थांना परवडेनासा होतो.

पडद्याच्या कोपऱ्यातील ते चिन्ह ज्या अपडेटने आणले, त्याचा दप्तरी क्रमांक केबी ३०३५५८३ असा होता आणि मार्च २०१५ अखेर ते दुरुस्त्यांच्या नित्याच्या रांगेतून आत आले होते. रक्षणासाठी ठेवलेल्या दारातून जाहिरात आत आली, ही या प्रकरणातील निर्णायक घटना होय. २९ जुलै २०१५ रोजी १९० देशांत विंडोज १० प्रसिद्ध झाले आणि पहिल्या चार आठवड्यांतच साडेसात कोटी उपकरणांवर पोहोचले. ज्यांनी ते हौसेने घेतले त्यांतील पुष्कळांचे समाधान झाले, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. स्टार्ट मेनू परत आला होता आणि आवृत्ती विंडोज ८ पेक्षा निःसंशय सरस होती. तंटा तिच्या गुणांविषयी नव्हताच.

सप्टेंबरात असे निष्पन्न झाले की, ज्यांनी प्रत राखून ठेवलेली नव्हती अशांच्या संगणकांतही नव्या प्रणालीच्या फायली गुपचूप उतरविल्या जात आहेत. लपविलेल्या फोल्डरात साठणारा हा ऐवज साडेतीन ते सहा जीबीचा होता. अमर्याद इंटरनेट असलेल्या शहरात हे कदाचित कोणास जाणवलेही नसते. परंतु त्या काळी आपल्याकडे डोंगल वापरणारा विद्यार्थी एका जीबीसाठी सुमारे अडीचशे रुपये मोजीत असे आणि ब्रॉडबँडधारकासही ‘एफयूपी’ची मर्यादा ओलांडली म्हणजे उरलेला महिना रखडत्या वेगावर काढावा लागे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील चिंको अभयारण्यात चोरट्या शिकाऱ्यांविरुद्ध पहारा देणाऱ्या पथकाचे संगणक तर उपग्रहाच्या अतिशय महागड्या जोडणीवर अवलंबून होते. तेथेही हे अपग्रेड उतरू लागल्याची तक्रार २०१६ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली.

लोकांनी प्रतिकार कसा केला, याची हकीकत मनोवेधक आहे. आरंभीचा उपाय सरळ होता : कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन बसविलेल्या अपडेटांच्या यादीतून तो क्रमांक शोधावा, काढून टाकावा आणि पुन्हा दिसल्यास ‘हाइड’ करावा. परंतु त्या अपडेटची नवी आवृत्ती निघाली की लपविलेली नोंद पुन्हा यादीत हजर होई, आणि जो दर महिन्यास यादी बारकाईने तपासणार नाही त्याच्या यंत्रात ते चिन्ह परत येऊन बसे. कंपनीने स्वतःच रजिस्ट्रीतील अशा नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या, ज्या केल्या असता अपग्रेड रोखले जाई. परंतु रजिस्ट्री म्हणजे संगणकाचे अंतःपुर, तेथे हात घालावयास सामान्य माणूस धजत नाही. ही अडचण ओळखून एका स्वतंत्र प्रोग्रामकर्त्याने ‘जीडब्ल्यूएक्स कंट्रोल पॅनेल’ नावाचे साधन फुकट दिले, आणि कंपनी जसजशा आपल्या हालचाली बदले तसतसा तोही आपले साधन बदलीत राहिला. पुढे सुरक्षातज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांनी ‘नेव्हर १०’ हा अगदी चिमुकला प्रोग्राम प्रसिद्ध केला, जो कंपनीनेच सांगितलेल्या त्या नोंदी एका टिचकीसरशी करून मोकळा होई. आपल्याच यंत्रावर नको ते येऊ नये म्हणून तिऱ्हाईताकडून साधन आणावे लागणे, ही स्थिती काही कमी गंभीर नव्हे.

याचबरोबर काही लोकांनी अधिक कडक मार्ग पत्करला आणि अपडेटची सर्व व्यवस्थाच बंद करून टाकली. येथे या प्रकरणाची खरी हानी आहे. मुखत्याराने अधिकाराबाहेर जाऊन व्यवहार केला म्हणजे मालक केवळ तो व्यवहार नामंजूर करीत नाही, तो मुखत्यारपत्रच फाडून टाकतो. आणि मग रक्षणाचे जे काम प्रामाणिकपणे चालले होते तेही थांबते. ज्या सवयीचे बीज रुजवावयास ब्लास्टरनंतरची दहा-बारा वर्षे खर्ची पडली, तिच्या मुळावर हा घाव होता.

१ फेब्रुवारी २०१६ पासून विंडोज १० ची गणना ‘ऐच्छिक’ अपडेटांतून ‘शिफारस केलेल्या’ अपडेटांत करण्यात आली, म्हणजे ज्यांनी शिफारसी आपोआप घेण्याची मोकळीक पूर्वी दिली होती त्यांच्या यंत्रांत अपग्रेड आपोआप सुरू होऊ लागले. एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यात डे मॉइन शहराच्या दूरचित्रवाणी केंद्रावर हवामानाचे थेट प्रक्षेपण चालू असता नकाशावरच अपग्रेडची सूचना झळकली. मे महिन्यात कळस झाला. अपग्रेडची तारीख मुक्रर करून टाकणारी एक चौकट पडद्यावर येऊ लागली आणि तिच्या कोपऱ्यातील फुलीच्या लाल बटणावर टिचकी मारणे याचा अर्थ ‘ठरलेल्या तारखेस आमची हरकत नाही’ असा धरला जाऊ लागला. तारीख बदलण्याची वा रद्द करण्याची वाट त्याच चौकटीत होती, पण ती मजकुरातील एका लहानशा दुव्यात दडलेली. फुली म्हणजे नकार, हा विंडोजनेच जगाला वीस वर्षे शिकविलेला संकेत; कंपनीने स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांतही तोच अर्थ सांगितलेला. त्या नकारालाच संमती मानणे हे, माझ्या मते, चुकीच्या हिशेबाहून अधिक काही होते. भाषेतील ‘नाही’ हा शब्द एका पक्षाने परस्पर बदलला तर करार करावयास जागाच उरत नाही.

जूनमध्ये ‘सिॲटल टाइम्स’ने एका निकालाची बातमी प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियातील सॉसॅलिटो येथे प्रवासाची एजन्सी चालविणाऱ्या एका महिलेच्या संगणकावर अपग्रेड आपोआप सुरू झाले, ते फसले आणि कामाचे यंत्र कित्येक दिवस निकामी झाले. कंपनीच्या मदतकेंद्राकडून दाद न मिळाल्यावर तिने फिर्याद केली आणि न्यायालयाने तिला १०,००० डॉलरची भरपाई मंजूर केली. कंपनीने आपला दोष नाकारला, परंतु पुढील खर्च टाळण्यासाठी अपील मागे घेतले. महिनाअखेरीस चौकट बदलली : फुली दाबली असता ती नुसती बंद होऊ लागली आणि देकार नाकारण्याचा स्पष्ट पर्याय प्रथमच ठळकपणे देण्यात आला. तोपर्यंत मुदतीचा अवघा एक महिना उरला होता. २९ जुलै २०१६ रोजी विनामूल्य देकार संपला. सुमारे ३५ कोटी उपकरणांवर नवी आवृत्ती पोहोचली होती, आणि शंभर कोटींचे ध्येय ठरल्या मुदतीत गाठता येणार नाही हे कंपनीने त्याच महिन्यात कबूल केले. तो आकडा गाठावयास २०२० चा मार्च उजाडला. २०१६ च्याच डिसेंबरात कंपनीचे विपणनप्रमुख क्रिस कॅपोसेला यांनी एका मुलाखतीत मान्य केले की, फुलीच्या त्या प्रकारात आम्ही मर्यादा ओलांडली आणि ते दोन आठवडे आम्हांस फार जड गेले. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या ग्राहकसंरक्षण संस्थेने फायली परस्पर उतरविण्याविरुद्ध दावा लावला होता. तेथे २०१७ च्या ऑगस्टात, पुन्हा असे करणार नाही अशी लेखी हमी कंपनीने दिली.

परंतु ज्यांच्या यंत्रात विंडोज १० आले त्यांच्यापुढे दुसराच प्रश्न उभा होता. या आवृत्तीच्या ‘होम’ प्रकारात अपडेट नाकारण्याची वा लांबणीवर टाकण्याची सोयच ठेवलेली नव्हती. ती ‘प्रो’ आणि त्यावरील प्रकारांना होती. म्हणजे घरगुती माणसास, ज्याच्याजवळ बिघाड निस्तरावयास कोणी तंत्रज्ञ नसतो, त्यालाच नकाराचा हक्क नव्हता. लोकांनी मग निराळ्या वाटा काढल्या. कोणी वाय-फायची जोडणी ‘मीटर्ड’ आहे असे नमूद करून ठेवी, म्हणजे मोठाल्या फायली उतरत नसत. कोणी सदोष ड्रायव्हर लपविण्यासाठी कंपनीनेच दिलेले एक छोटे साधन वापरी. कोणी अपडेटची सेवाच बंद करी आणि काही दिवसांनी ती पुन्हा चालू झालेली पाही. ऑगस्ट २०१६ मध्ये कामाचे तास नोंदवून त्या वेळात यंत्र पुन्हा सुरू होण्यापासून वाचविण्याची सवलत आली, इतकेच.

सक्तीच्या बाजूनेही इतिहासाने साक्ष दिलेली आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या वर्मने दीडशे देशांत संगणकांतील दस्तऐवज ओलीस धरले; इंग्लंडमधील २३६ सरकारी आरोग्य-ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांचे कामकाज विस्कळीत झाले. दुरुस्ती दोन महिने आधी, १४ मार्चला, निघालेली होती. बाधित यंत्रांत विंडोज ७ ची संख्या प्रचंड होती, तर आपोआप अद्ययावत राहणारे विंडोज १० बचावले. रुग्णालयांनी दुरुस्ती लांबविण्याची कारणे घरगुती लोकांपेक्षा वेगळी असतात, त्यामुळे हा दोष २०१६ च्या सक्तीवर ढकलता येणार नाही. तरी दुरुस्ती न घेण्याची किंमत काय असते हे त्या दिवसाने पुन्हा दाखविले. आणि लगेच जूनच्या २७ तारखेस उलट बाजूचा पुरावा आला. ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच आत शिरला होता. ज्यांनी विश्वासाने अपडेट घेतले तेच प्रथम बुडाले. मर्स्क या जहाज-कंपनीला ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या गेटवे टर्मिनलचे कामकाज कोलमडून कंटेनर आणि मालमोटारी खोळंबल्या.

घरगुती माणसाच्या हक्काचा निकाल मात्र एका स्वकृत अपघाताने लागला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या षण्मासिक अपडेटने काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ फोल्डरांतील फायली नाहीशा केल्या. प्रमाण अल्प होते. पण ज्याची छायाचित्रे गेली त्याला प्रमाणाशी काय कर्तव्य? चाचणी करणाऱ्या हौशी मंडळींनी ही तक्रार आधीच नोंदविलेली होती आणि ती ढिगाऱ्यात दबून राहिली होती, असे मागाहून दिसून आले. चार दिवसांच्या आत अपडेट थांबविण्यात आले आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त होऊन परत आले. पुढील एप्रिलात कंपनीने जाहीर केले, आणि २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीने अंमलात आणले, की मोठे अपडेट यापुढे वापरणाऱ्याने ‘डाउनलोड करून बसवा’ असे सांगितल्यावरच येईल, चालू आवृत्तीची मुदत संपत आली असेल तेवढा अपवाद. आणि ‘होम’ धारकासही सात-सात दिवस करीत पस्तीस दिवसांपर्यंत अपडेट थोपवून धरता येतील. चार वर्षांच्या तंट्याचा हा तह होता. दुरुस्ती घ्यावी लागेल हा कंपनीचा आग्रह त्यात कायम राहिला. केव्हा घ्यावयाची, यातील थोडासा अधिकार मालकाकडे परत आला.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे असंख्य धडधाकट यंत्रे त्या आवृत्तीस अपात्र ठरली, आणि एके काळी ज्या आवृत्तीला दार बंद करण्यासाठी लोकांनी इतके श्रम घेतले तिच्याच दुरुस्त्या बंद करू नयेत, अशी मागणी ग्राहकसंघटनांना करावी लागली. घरगुती धारकांसाठी आणखी एका वर्षाची सुरक्षा-मुदत देण्यात आली : कोठे शुल्क घेऊन, कोठे कंपनीच्या खात्याशी संगणक जोडण्याच्या अटीवर, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रात, तेथील संघटनांच्या दडपणामुळे, विनामूल्य.